फूटपट्टीची हिरवळ

“पण साहेब, पाणी कुठं जाईन?”

दौलत नागोसेने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा मी मागच्या अंगणात गुडघे टेकून लेव्हलच्या नळीतलं पाणी निरखत होतो. नळीचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं. वीस फूट लांब, सात फूट रुंद चौथरा आम्ही भरत आणला होता. खाली मुरूम, वर दगडाची चुरी, आणि चारही कोपरे एका पातळीत आलेच पाहिजेत हा माझा हट्ट.

“कुठंही जाणार नाही. पडलं तिथंच वाळेल. तू तुझं टोक हलवू नकोस.”

“गोल्फच्या ग्रीनले उतार लागते ना जी. थोडा इकडून, थोडा तिकडून. चेंडू वळला पाहिजे. नाही त खेळाची मजा काय?”

“मजा नकोय मला. चेंडू सरळ जायला हवा.”

दौलतने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडातला खर्रा गालात सरकवला. आमच्या कारखान्याच्या वसाहतीत नऊ होलचं गोल्फचं मैदान होतं आणि दौलत तिथला माळी. माळी म्हणायचा एवढंच, कारण त्या मैदानावर गवत औषधालाही नव्हतं. होलभोवती हिरवळीऐवजी जळकं तेल ओतून चोपलेली वाळू असायची. तिला सगळे ब्राउन म्हणत. खेळून झालं की दौलत तिच्यावरून गोणपाट ओढून पावलांचे ठसे मोडायचा. मी टूलरूममध्ये फोरमन. फोरमनला गोल्फ कुठून आला, तर रविवारी साहेबलोकांना चौथा गडी कमी पडायचा, आणि माझा हात स्थिर आहे ही ख्याती वरपर्यंत पोचली होती. चौतीस वर्षं मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी माणसांशी भांडलो. आता निवृत्त झालो होतो आणि भांडायला दौलत होता.

“बाईची अळूची जागा गेली,” तो चुरीवर पाणी शिंपडत म्हणाला.

“तिला विचारूनच घेतली.”

ते खरं होतं. मोरीच्या पाण्यावर कुमुदने वीस वर्षं अळू वाढवलं होतं. जागा मागितली तेव्हा ती म्हणाली, “घ्या ना. मला आता कुठं खाली बसता येतंय?” त्या वाक्यात टोमणा होता का, हे मला कळलं नाही. कळायचा मार्गच बंद झाला होता. तिला कंपवात होऊन तीन वर्षं झाली होती. लोकांना वाटतं त्या दुखण्यात फक्त हात थरथरतात. पण चेहराही गोठतो. माणूस हसतं तेव्हा आणि रडतं तेव्हा एकच चेहरा. आवाज बसतो. आणि पाय चिकटतात. चालता चालता दाराची चौकट आली, जमिनीचा रंग बदलला, की पाय जागच्या जागी खिळायचे. ती उभी राहायची. मग मी जायचो, दंड धरायचो, म्हणायचो, “चल, एक, दोन.” दिवसातून दहा वेळा, कधी वीस.

पहिल्या वर्षी मी धावत जायचो. दुसऱ्या वर्षी चालत. तिसऱ्या वर्षी मी तिथेच बसून “आलो” म्हणायचो आणि मग उठायचो.

डॉक्टर म्हणाले होते, “सगदेव, दिवसातला एक तास स्वतःसाठी ठेवा, नाहीतर तुम्हीच आडवे व्हाल.” म्हणून ही हिरवळ. बंगलोरच्या मुलीला, शेजाऱ्यांना, दौलतला मी हेच सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मला घरात राहून घरात नसण्याची जागा हवी होती.

चौथऱ्यावर कृत्रिम गवताचा गालिचा आला. बारीक कापलेला, गर्द हिरवा, हात फिरवला तर बोचणारा. गालिचा ताणून बसवला आणि मी त्यावर स्पिरिट लेव्हल फिरवली. बुडबुडा कुठेही मध्यावरून हलला नाही. मग टोकाला खड्डा घेतला आणि त्यात वाटी बसवली. बाजारात मिळतात त्या प्लॅस्टिकच्या. माझी पितळेची होती, जुन्या मित्राच्या लेथवर मी स्वतः कातलेली. चेंडू तिच्यात पडला की टण् असा स्वच्छ आवाज व्हायचा, थेट स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाणारा.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण टूलरूमचा माणूस मोजल्याशिवाय झोपत नाही. मी सुताराची दोरी आणली, पांढरा रंग आणला आणि वाटीपासून मागे दर फुटाला एक आडवी रेघ मारली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. एक, दोन, तीन, अशा अठरा. आज सहाव्या रेघेवरून वीसपैकी किती पडले, उद्या सातव्या रेघेवरून किती, याची नोंद ठेवायचा विचार होता.

दौलतने ते पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. “साहेब, हे ग्रीन नोहे. हे त फूटपट्टी होय. क्लबातल्या साहेबायले दाखवू नका, लोळतीन हसून.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“तीस वर्सं त्यातच गेली ना जी माही,” तो म्हणाला, आणि उरलेला रंग डब्यात परत ओतू लागला.

कुमुद मागच्या दाराच्या आत, खुर्चीवर बसून होती. तिने सगळं ऐकलं. “छान दिसतंय,” ती म्हणाली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. छान दिसत असावं, असं मी धरून चाललो.

मग रोज साडेदहा वाजता माझा तास सुरू व्हायचा. वीस चेंडू रेघेवर ओळीने मांडायचे. पाय जुळवायचे, पटर, म्हणजे चेंडू ढकलायची गोल्फची काठी, मागे न्यायचा, टक्. चेंडू जायचा. पडला तर टण्, नाहीतर काही नाही. आठेक चेंडूंनी वाटी भरली की जाऊन रिकामी करायची आणि पुन्हा रेघेवर. त्या तासात माझ्या डोक्यात काहीही नसायचं. दुःख नसायचं, काळजी नसायची, कुमुदही नसायची. लोकांना समाधी लागते ती अशीच लागत असेल तर ती फार काही मोठी गोष्ट नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी मी आठव्या रेघेवर होतो. नऊ चेंडू मारून झाले होते. तेव्हा कुमुदने हाक मारली.

“अहो.”

आवाज बसका होता, पण स्वयंपाकघराची जाळीची खिडकी माझ्या डाव्या हाताला सहा फुटांवर होती. मी ऐकली. हे मी तेव्हा स्वतःलाही वेगळं सांगितलं नाही. ऐकली आणि मला कळलं की पाय चिकटले आहेत, ती कुठल्यातरी चौकटीत उभी आहे आणि वाट बघते आहे.

माझ्यासमोर अकरा चेंडू राहिले होते.

राग आला नव्हता. कंटाळाही नव्हता. राग आला असता तर मी गेलो असतो, चिडचिड करत का होईना. आत बघितलं तर आत काही नव्हतं. मी दहाव्या चेंडूशी पाय जुळवले आणि पटर मागे नेला. टण्.

“आलो” असंसुद्धा मी म्हणालो नाही.

दुसऱ्यांदा हाक आली नाही. अकरावा, बारावा. मध्ये वाटी भरली म्हणून चालत गेलो, चेंडू काढले, बादलीत टाकले, परत आठव्या रेघेवर आलो. इतका चांगला मी आयुष्यात कधी खेळलो नव्हतो. हात असा स्थिर की तो माझा आहे की शिकंज्यात धरलेला, असा प्रश्न पडावा. विसावा चेंडू पडला, मी पटर भिंतीला टेकवला, नॅपकिनने मान पुसली. मग गॅसचा वास आला.

ती स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. एक पाय पुढे, एक मागे, एक हात चौकटीवर. ओट्यावर दूध उतू जाऊन खाली फरशीपर्यंत ओघळलं होतं. ज्योत विझली होती आणि शेगडी सूं सूं करत होती. ती आणि शेगडी यांच्यात चार पावलं होती. दूध वर येताना तिने पाहिलं होतं, उतू जाताना पाहिलं होतं, विझतानाही. सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं होतं.

मी धावत जाऊन बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या, तिला ओढतच पुढच्या खोलीत नेऊन बसवलं.

“हाक मारायची होतीस ना!” मी म्हणालो.

हे वाक्य मी ठरवून म्हटलं नाही. ते तयारच होतं.

कुमुदने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला आता वाटतं. मग म्हणाली, “मारली होती. आवाजच निघत नाही हल्ली.”

“मी बाहेर होतो. ऐकू नाही आलं.”

“हो. तेच.”

मी ओटा पुसला. फरशीवरचं दूध पुसलं, पातेलं घासलं. करपलेल्या दुधाचा वास दोन दिवस गेला नाही. आम्ही त्या वासातच जेवलो, त्या वासातच तिच्या गोळ्यांच्या वेळा पाळल्या. मी तिची चार पावलांवर वाट बघत उभा राहू लागलो. ती चौकटीपाशी यायच्या आधीच दंड धरू लागलो. ती म्हणायची, “इतकं नको हो,” आणि मी म्हणायचो, “असू दे.” पश्चात्ताप म्हणतात तो हाच असावा असं मला वाटत होतं. पण पश्चात्तापात माणसाला काहीतरी वाटत असतं. मी नुसता दंड धरत होतो.

शनिवारी दुपारचं जेवण झाल्यावर तीच म्हणाली, “तुम्ही खेळत नाही का आता?”

“इच्छा नाही.”

“मला बाहेर बसवा तरी. घरात वास येतो.”

मी तिला मागच्या दारातून बाहेर आणलं, हिरवळीच्या कडेला, वाटीपासून लांबच्या टोकाला, खुर्चीत बसवलं. तेवढ्यात पुढच्या फाटकाशी कुणीतरी कडी वाजवली. दौलत होता. हातात अळूचे चार कंद, मुळांना माती लागलेली.

“बाईसाठी आणले,” तो म्हणाला. “नळाच्या बाजूला लावून देतो. ती जागा तुमच्या पट्टीत येत नाही.”

आम्ही बाजूच्या बोळातून मागे आलो. दौलत पुढे होता. तो वळणावर थबकला आणि त्याच्या हातातला एक कंद खाली पडला.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “बाई त चालून राह्यल्या ना.”

खुर्ची रिकामी होती. कुमुद हिरवळीवर होती, एकटी, कशालाही न धरता. ती खाली बघत होती. एक पाय उचलायची, रेघेच्या पलीकडे टाकायची. मग दुसरा पाय, पुढच्या रेघेच्या पलीकडे. गेल्या दीड वर्षात मी तिचा पाय असा उचललेला पाहिला नव्हता. फरफटणं नाही, थबकणं नाही. साडीचा घोळ पायात येत होता आणि ती तो डाव्या हाताने उचलून धरत होती, एखादी बाई ओढ्यातून जाताना धरते तसा.

“अकरा,” ती पुटपुटत होती. “दहा. नऊ.”

मला पुढे धावायचं होतं. दौलतने माझं मनगट धरलं. “थांबा. येऊ द्या त्यायले.”

आठव्या रेघेवर ती क्षणभर थांबली. मग पाय उचलला. सात. सहा. ती वाटीपर्यंत पोचली आणि तिथे तिचे पाय चिकटले, कारण पुढे रेघ नव्हती.

मी जाऊन तिला धरलं. तिचा हात थरथरत होता, नेहमीसारखा. “रेघ दिसली की पाय उचलतो,” ती म्हणाली. “ओलांडायचं आहे म्हटलं की त्याला कळतं. साध्या जमिनीवर त्याला काही कळतच नाही.” एवढं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

“उतार असता त पडल्या असत्या,” दौलत म्हणाला. तो कंद उचलायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. “बरं झालं तुम्ही माह्यं ऐकलं नाही.”

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, होतं असं काहींना, पायऱ्या चढतात पण सपाट जमिनीवर अडतात. घरातही रेघा आखून बघा. मी फोन ठेवला तेव्हा रंगाचा डबा माझ्या हातात आलेलाच होता.

रविवारी सकाळपासून मी घर आखायला बसलो. दोरी, स्टीलची पट्टी, अर्ध्या इंचाचा ब्रश. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, न्हाणीघरापासून देवापर्यंत, तिथून स्वयंपाकघराकडे. दर फुटाला एक. काम हातात आलं की मी माणसात येतो, हे कुमुद पहिल्यापासून म्हणायची. मला खरंच बरं वाटत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी काही करताना मला कंटाळा येत नव्हता, आणि मनातल्या मनात मी गुरुवार मिटवून टाकला होता. त्याच्या बदल्यात ही रेघ, ही रेघ आणि ही रेघ.

कुमुद जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसून बघत होती. मी मागे मागे सरकत स्वयंपाकघराच्या चौकटीशी आलो. जिथे ती त्या दिवशी उभी होती, नेमकं तिथे. दोरीची खूण पाडली, ब्रश बुडवला, निथळवला, फरशीवर टेकवला.

“अहो.”

“हं. बोल.”

“मी हाक मारली ना त्या दिवशी, त्यानंतर अकरा झाले.”

ब्रश फरशीवर चालत होता.

“मध्ये एकदा वाटी रिकामी केलीत. चेंडू बादलीत पडले. मला वाटलं, आता याल. मग परत टक् आलं.” ती थांबली. तिला दोन वाक्यांत श्वास घ्यावा लागायचा. “काही करता येत नव्हतं, म्हणून मोजत बसले. दूध वर येत होतं आणि मी मोजत होते. अकरापैकी नऊ पडले.”

मी मान वर केली नाही.

“चांगलं खेळलात,” कुमुद म्हणाली.

मग मी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर शोधलं. राग, हसू, काहीही चाललं असतं मला. तिथे तोच चेहरा होता, आणि डोळे माझ्याकडे नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते.

“रेघ वाकडी जातेय,” ती म्हणाली.

मी खाली बघितलं. दोरीची खूण सोडून रेघ पार उजवीकडे निघाली होती, तिला दोन ठिकाणी कंगोरे आले होते आणि ब्रशमधून रंग ठिपकत होता. माझा हात हलत होता. मी डाव्या हाताने तो धरला. तरी हलत होता.

“पुसतो,” मी म्हणालो. “पुसतो आणि परत काढतो. कुमुद, मी त्या दिवशी...”

“राहू द्या,” ती म्हणाली. “मला नुसती ओलांडायची आहे.”

त्यानंतर ती चार वर्षं होती. शेवटचे काही महिने सोडले तर रोज सकाळी ती त्या रेघेवरून पाय टाकून ओट्यापाशी जायची आणि दूध स्वतः तापवायची. हिरवळीचा गालिचा मी दौलतला देऊन टाकला. चुरी उकरून माती भरली, त्या चौथऱ्यावर आता अळू आहे. पाणी तिथेच साचतं, अळूला ते मानवतं.

कुमुद गेल्यावर मुलीने घराला रंग काढला आणि फरशीवरच्या रेघा रंगाऱ्याकडून थिनरने पुसून घेतल्या. चौकटीतली एक मी पुसू दिली नाही. रंगारी म्हणाला, “काका, ही तर वाकडीच आहे.” मी म्हणालो, असू दे. सकाळी दूध तापवायला जाताना मी तिच्यापाशी थांबतो आणि मग पाय उचलतो.